कपॅसिटर किती तापणार? डेटाशीटच्या आलेखांवरून वॅटचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी घरची इंडक्शन शेगडी बंद पडली. उघडली तर कॉइलजवळचा चौकोनी कपॅसिटर फुगलेला. ०.३३ मायक्रोफॅरड. माझ्या खोक्यात त्याच मूल्याचा एक पडून होता, व्होल्टही पुरेसे होते, पाय थोडे वाकवले की बसत होता. बसवला. पातेलं ठेवलं, शेगडी सुरू झाली, मी स्वतःवर खूश. पाणी कोमट व्हायच्या आत फट्ट झालं आणि स्वयंपाकघरभर जळक्या प्लास्टिकचा वास. आई एवढंच म्हणाली, "गॅस काय वाईट होता?"

मूल्य जुळलं होतं, व्होल्ट जुळले होते, जात चुकली होती. पॉलिप्रॉपिलिनच्या जागी मी पॉलिएस्टर बसवला होता. त्याची किंमत कळायला पाच मिनिटांचा हिशोब पुरला असता, पण तो मी धूर निघाल्यावर केला. तुम्ही आधी करावा म्हणून हे लिहितोय. शाळेतलं ओहमचं सूत्र आणि आरएमएसची तोंडओळख असली की पुरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा: डेटाशीटच्या, म्हणजे उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकाच्या, कोष्टकात छापलेला आकडा बहुतेक वेळा तुमच्या सर्किटच्या फ्रिक्वेन्सीचा नसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात.

१. आधी हे जमवा

- त्या मालिकेची पूर्ण डेटाशीट. दुकानाच्या साइटवरचं एकपानी पत्रक चालणार नाही, त्यात आलेख नसतात.
- त्याच उत्पादकाची सर्वसाधारण तांत्रिक माहितीची पीडीएफ. ही वेगळी असते आणि नवखे ती उघडतच नाहीत. फ्रिक्वेन्सीचे गुणक, उष्णतेचे गुणांक, आयुष्याचं सूत्र हे सगळं पुष्कळदा तिथेच दडलेलं असतं.
- कपॅसिटरमधला करंट कळायचं साधन: करंट प्रोब लावलेला ऑसिलोस्कोप, नाहीतर एलटीस्पाइससारखा फुकट सिम्युलेटर.
- मिलिमीटरची पट्टी आणि लॉग असलेला कॅल्क्युलेटर. पट्टी का, ते चौथ्या पायरीत.
- शेवटी पडताळायला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार.

प्रत्यक्ष उपकरणावर हात घालणार असाल तर आधी वाचा: २३० व्होल्टच्या लाइनवर रेक्टिफायरनंतरच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच बोट लावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवण्यात मर्दुमकी नाही.

२. नावं वेगळी, माणूस एकच

आदर्श कपॅसिटर तापत नाही. खऱ्यात डायलेक्ट्रिक (पत्र्यांमधला विद्युतरोधक थर), पत्रे, पाय, इलेक्ट्रोलाइट या सगळ्यांचा मिळून एक छोटा रेझिस्टर सीरीजमध्ये असल्यासारखा वागतो, तो ईएसआर. उष्णता तिथे होते:

वॅट = आरएमएस करंटचा वर्ग × ईएसआर

डेटाशीटमध्ये ईएसआर थेट दिलेला असेल तर नशीब. नाहीतर टॅन डेल्टा दिलेला असतो, कुठे त्यालाच डिसिपेशन फॅक्टर म्हणतात, आणि सिरॅमिकवाले क्यू देतात, म्हणजे १ भागिले टॅन डेल्टा. नातं सोपं आहे:

ईएसआर = टॅन डेल्टा × रिअ‍ॅक्टन्स
रिअ‍ॅक्टन्स = १ ÷ (६.२८३ × फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स)

टक्क्यात दिलेला डिसिपेशन फॅक्टर १०० ने भागायला विसरू नका. २.५ टक्के म्हणजे ०.०२५. मी एकदा २.५ च घालून अर्धा तास स्वतःच्या बुद्धीवर शंका घेत बसलो होतो.

३. करंट शोधा आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे वेगळा करा

सरासरी करंट कामाचा नाही. स्थिर चालू असलेल्या सर्किटमध्ये कपॅसिटरमधून जाणाऱ्या करंटची सरासरी शून्यच असते. आपल्याला आरएमएस हवा, आणि तोही कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती, असा सुटा केलेला.

स्विचिंग पॉवर सप्लायच्या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिकचं उदाहरण घ्या. त्यातून दोन करंट वाहतात. एक आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनचा, रेक्टिफाय झाल्यावर १०० हर्ट्झ झालेला. दुसरा पुढच्या स्विचिंगचा, ६५ किलोहर्ट्झ वगैरे. ईएसआर दोन्हींना वेगळा, म्हणून वॅटही वेगवेगळे काढायचे आणि शेवटी वॅटची बेरीज करायची.

इथे सापळा आहे. करंटची सरळ बेरीज करून वर्ग करू नका. ०.९ आणि ०.६ अँपिअर मिळून १.५ होत नाहीत. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे आरएमएस वर्गाने मिळतात: ०.८१ अधिक ०.३६, त्याचं वर्गमूळ १.०८.

४. लॉग आलेख पट्टीने वाचा

डेटाशीटचे आलेख डोळ्यांनी अंदाजे वाचले की चुकतातच, कारण बहुतेक आलेखांचे दोन्ही अक्ष लॉग असतात. १० आणि १०० च्या बरोबर मध्यावर ५५ नसतं, ३१.६ असतं. १० नंतरची पहिली बारीक रेघ ११ ची नाही, २० ची. ३ ची रेघ त्या पट्ट्याच्या जवळजवळ निम्म्यावर येते, ५ ची सत्तर टक्क्यांवर.

मी प्रिंट काढतो, किंवा स्क्रीनवर मोठं करून थेट पट्टी धरतो. समजा टॅन डेल्टाचा आलेख आहे आणि मला २५ किलोहर्ट्झचा आकडा हवाय. आडव्या अक्षावर १० ते १०० किलोहर्ट्झ हे अंतर ४२ मिलिमीटर भरलं. २.५ चा लॉग ०.३९८. गुणिले ४२ म्हणजे १६.७. १० च्या रेघेपासून १६.७ मिलिमीटरवर पेन्सिलने उभी रेघ मारायची.

ती वक्राला जिथे छेदते तिथून आडवं डावीकडे यायचं. उभ्या अक्षावर ०.०००१ ते ०.००१ हे अंतर ३६ मिलिमीटर, आणि आपला बिंदू ०.०००१ च्या १७ मिलिमीटर वर. १७ ÷ ३६ = ०.४७२. दहाचा ०.४७२ वा घात २.९७. उत्तर ०.०००२९७, म्हणजे ०.०००३ धरा.

हेच साध्या पट्टीसारखं, सरळ प्रमाणात वाचलं असतं तर ०.०००५२ आलं असतं. वॅट पावणेदोनपट. आणि हा काही वेडगळ माणसाचा घोटाळा नाही, घाईत कोणाचाही होतो.

एकाच आलेखावरून बरेच बिंदू काढायचे असतील तर वेबप्लॉटडिजिटायझर नावाचं साधन आहे: आलेखाचं चित्र टाकायचं, अक्षांचे बिंदू दाखवायचे, लॉग असल्याचं सांगायचं. लॉगची खूण करायला विसरलात तर तेही तुमच्याइतक्याच आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतं.

वक्र वाचण्याआधी दोन गोष्टी बघाच. पहिली, हा वक्र ईएसआरचा आहे की इम्पीडन्सचा, म्हणजे ईएसआर आणि रिअ‍ॅक्टन्स मिळून होणाऱ्या एकूण विरोधाचा. दोन्ही ओहममध्येच असतात आणि अनेकदा शेजारी शेजारी काढलेले असतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल दरी असलेला वक्र इम्पीडन्सचा. तिच्या तळाशी दोघे जवळजवळ एक होतात, इतरत्र नाही. ईएसआर इम्पीडन्सपेक्षा कधीच जास्त नसतो, म्हणून हाताशी फक्त इम्पीडन्स असेल तर तो ईएसआर म्हणून धरा. चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. दुसरी गोष्ट, आलेख नेहमीच्या नगाचा असतो, कोष्टकातला आकडा हमीचा कमाल. वस्तू विकायची असेल तर कमाल आकड्यावर डिझाइन करा. जळलेल्या नगाचं शवविच्छेदन करायचं असेल तर आलेख.

५. इलेक्ट्रोलिटिक: पूर्ण सोडवलेलं उदाहरण

२२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट. कोष्टकात टॅन डेल्टा ०.१५, शेजारी बारीक अक्षरात "१२० हर्ट्झ, २० डिग्री". करंट वरचेच: १०० हर्ट्झला ०.९ अँपिअर, ६५ किलोहर्ट्झला ०.६.

१२० हर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स ६.०३ ओहम. गुणिले ०.१५, ईएसआर ०.९०४ ओहम.

१२० का? ६० हर्ट्झची लाइन रेक्टिफाय केली की १२० होतात. आपली १०० हर्ट्झ. त्याने ईएसआर किंचित वाढतो, पण वाईटात वाईट धरलं तरी १.२ पटीच्या वर जात नाही. खाली मी तो फरक सोडून दिलाय. तुम्हाला काटेकोर राहायचं असेल तर २० टक्के चढवा.

१०० हर्ट्झचे वॅट: ०.८१ × ०.९०४ = ०.७३

आता ६५ किलोहर्ट्झ. इथे नवखा काय करतो? तोच ०.१५ घेतो आणि ६५ किलोहर्ट्झच्या रिअ‍ॅक्टन्सने गुणतो. रिअ‍ॅक्टन्स ०.०१११ ओहम, ईएसआर १.७ मिलिओहम, वॅट ०.०००६. कागदावर एवढा गुणी इलेक्ट्रोलिटिक पाहून आनंद होतो. पण असा कपॅसिटर अस्तित्वात नाही. फ्रिक्वेन्सी वाढली की रिअ‍ॅक्टन्स घसरतो, ईएसआर मात्र एका पातळीवर येऊन बसतो, कारण इलेक्ट्रोलाइटचा आणि पत्र्यांचा रेझिस्टन्स कुठे जात नाही. म्हणून टॅन डेल्टा चढत जातो. ०.१५ हा फक्त १२० हर्ट्झचा.

मग खरा ईएसआर कुठून आणायचा? आलेख असेल तर तिथून. नसेल तर रिपल करंटच्या (कपॅसिटरमधून वाहणाऱ्या एसी करंटच्या) गुणकांचं कोष्टक शोधा: १२० हर्ट्झला १.०, १ किलोहर्ट्झला अमुक, १० किलोहर्ट्झच्या वर १.४, अशा धाटणीचं. हे कोष्टक म्हणजे वेषांतर केलेला ईएसआरचा आलेखच. उत्पादकाचं म्हणणं एवढंच की १.४ पट करंटला तेवढीच उष्णता होते. म्हणजे ईएसआर १.४ च्या वर्गाने, १.९६ ने, कमी झालाय.

०.९०४ ÷ १.९६ = ०.४६१ ओहम. वॅट: ०.३६ × ०.४६१ = ०.१७.

एकूण ०.९० वॅट. नवख्याच्या ६५ किलोहर्ट्झच्या आकड्यापेक्षा खरा आकडा पावणेतीनशे पट निघाला, हे लक्षात राहू द्या.

हे सगळं २० डिग्रीचं. इलेक्ट्रोलिटिक गरम झाला की ईएसआर उतरतो, त्यामुळे चालू स्थितीत वॅट याहून कमी भरतात. थंडीत उलट. शून्याखाली सुरू होणाऱ्या उपकरणासाठी तापमानाचा आलेख वेगळा बघावाच लागतो.

लीकेजचं, म्हणजे डीसी व्होल्टवर आतून झिरपणाऱ्या करंटचं काय, असं कोणीतरी विचारतंच. उच्च व्होल्टच्या मालिकांत कमाल लीकेज पुष्कळदा "कपॅसिटन्स गुणिले व्होल्ट, त्याचं वर्गमूळ, गुणिले ३ मायक्रोअँपिअर" असं देतात. आपल्या नगाला ते ८९० मायक्रोअँपिअर, म्हणजे ४०० व्होल्टवर ०.३६ वॅट येतं. घाबरू नका. ती व्होल्ट लावल्यावर पाच मिनिटांनी मोजायची स्वीकृतीची मर्यादा आहे. रोज चालणाऱ्या नगात लीकेज त्याच्या कितीतरी खाली बसतं. मी धरत नाही.

६. फिल्म: शेगडीचं शवविच्छेदन

पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिएस्टर हे दोन्ही फिल्म, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे कपॅसिटर. ०.३३ मायक्रोफॅरड, २५ किलोहर्ट्झ, समजा १६ अँपिअर आरएमएस, आकार जवळजवळ साइनचा. रिअ‍ॅक्टन्स १९.३ ओहम, कपॅसिटरवर ३०९ व्होल्ट आरएमएस. करंटचा वर्ग गुणिले रिअ‍ॅक्टन्स केलं की ४,९३८ व्होल्ट-अँपिअर येतात. ही ऊर्जा खर्च होत नाही, कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांकडे चेंडूसारखी टोलवत असतात. टॅन डेल्टा म्हणजे त्या प्रत्येक खेळीतली गळती, एवढंच.

पॉलिप्रॉपिलिन, आलेखावरून ०.०००३: १.४८ वॅट.
पॉलिएस्टर, याच फ्रिक्वेन्सीला सुमारे ०.०१५: ७४ वॅट.

२५ वॅटचे तीन सोल्डरिंग आयर्न काड्यापेटीएवढ्या डबीत कोंबून चालू केल्यासारखं. फट्ट का झालं ते कळलं.

फिल्मच्या डेटाशीटमध्ये आणखी एक उपयोगी आलेख असतो: फ्रिक्वेन्सीप्रमाणे किती एसी व्होल्ट चालतील. तो तीन तुकड्यांत मोडतो. डावीकडे सपाट, तिथे मर्यादा डायलेक्ट्रिकच्या सहनशक्तीची. मग उतार, तिथे मर्यादा उष्णतेची, म्हणजे आपल्या वॅटची. टॅन डेल्टा स्थिर असेल तर फ्रिक्वेन्सी चौपट झाली की व्होल्ट निम्मे. शेवटी आणखी तीव्र उतार, तिथे पाय आणि टोकांचे जोड किती करंट पेलतील हा प्रश्न. आपला बिंदू कुठल्या तुकड्यात पडतो ते बघा. मधल्या तुकड्यात पडला तर थंड हवेने फायदा होईल, शेवटच्यात पडला तर पंखा लावून काही उपयोग नाही, जाड पायांचाच नग घ्यावा लागेल.

कपॅसिटरवर छापलेले डीसी व्होल्ट या आलेखाच्या जागी वापरू नका. मी तेच केलं होतं.

७. सिरॅमिक: थोडक्यात

इथे हाताने फार करू नका. एक्स५आर, एक्स७आर जातीत डीसी व्होल्ट लावले की कपॅसिटन्स घसरतो. लहान आकाराच्या नगात निम्म्याहून जास्तही. शिवाय कोष्टकातला टॅन डेल्टा १ किलोहर्ट्झ किंवा १२० हर्ट्झचा असतो. स्विचिंगच्या फ्रिक्वेन्सीला ईएसआर काही मिलिओहमच असतो, तो उत्पादकाच्या आलेखावरूनच घ्या. मुराटाचं सिमसर्फिंग, केमेटचं के-सिम यांत डीसी व्होल्ट आणि तापमान टाकून वक्र मिळतात, रिपल करंटला तापमान किती चढेल तेही बऱ्याच नगांसाठी दिसतं. सीझिरोजी जातीला यातलं फारसं काही लागू नाही, ती गरीब बिचारी नेमाने वागते.

८. वॅटवरून डिग्री, डिग्रीवरून आयुष्य

नुसते वॅट कळून उपयोग नाही. ०.९ वॅट मोठ्या डब्याला काहीच नाही, शेंगदाण्याएवढ्याला मरण.

फिल्मसाठी डबीच्या मापाप्रमाणे उष्णतेचा गुणांक दिलेला असतो, मिलिवॅट प्रति डिग्री. समजा आपल्या डबीला ६०. मग १,४८० ÷ ६० = जवळजवळ २५ डिग्री, आणि तेही स्थिर हवेत. पॉलिप्रॉपिलिनला हे जास्तच आहे. शेगडीत पंखा असतो तो उगाच नाही.

इलेक्ट्रोलिटिकला सोपी वाट अशी. आपले दोन्ही करंट १२० हर्ट्झच्या भाषेत आणा: ०.६ ÷ १.४ = ०.४३, ०.४३ आणि ०.९ वर्गाने मिळवले की १.० अँपिअर. डेटाशीटमध्ये मान्य रिपल १.१ अँपिअर असेल तर आपली उष्णता मान्यतेच्या ८२ टक्के. त्या मान्य करंटला गाभा किती डिग्री चढतो ते तांत्रिक पीडीएफमध्ये असतं. १०५ डिग्रीच्या मालिकांत ५ डिग्री हा आकडा बरेचदा दिसतो. म्हणजे आपल्याकडे ४ च्या आसपास.

आयुष्याचा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो: १० डिग्री खाली आलात की दुप्पट. १०५ डिग्रीला ३,००० तासांचा नग ७५ डिग्रीला २४,००० तास. ऐकायला भरपूर. पण वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे अखंड चालणाऱ्या राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये हा नग तीन वर्षंही पुरत नाही. आणि ते ७५ अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या हवेचे, तुमच्या खोलीचे नव्हेत. मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या अ‍ॅडॉप्टरला हात लावून बघा.

९. मोजून बघा

इन्फ्रारेड बंदूक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखली तर ती खोलीचंच तापमान दाखवते. आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, मग त्यावर रोखा. थर्मोकपल वापरत असाल तर बॅटरीवर चालणाराच मीटर घ्या, कारण लाइनच्या बाजूच्या कपॅसिटरचा डबा सुरक्षित नसतो. चार्जरला जोडलेला लॅपटॉप तिथे नको. अर्धा तास चालू द्या. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा खोटा.

हातातल्या एलसीआर मीटरने ईएसआर मोजणार असाल तर १०० किलोहर्ट्झची सोय आहे का बघा, आणि टोकांच्या तारांचा रेझिस्टन्स शून्य करून घ्या. नाहीतर तुम्ही तारा मोजताय.

शेगडीत आता पॉलिप्रॉपिलिनचा नग आहे. अर्धा तास पूर्ण पॉवरवर, पंखा चालू, टेपवर मोजलं तर आतल्या हवेपेक्षा १३ डिग्री जास्त. स्थिर हवेचा हिशोब २५ म्हणत होता. आई चहा गॅसवरच करते.